रजा, रुखसत आणि रमजान

पहाटे साडेतीनला बुढीलेनच्या गल्लीत भांड्यांचा आवाज सुरू होतो. सहरीसाठी घरातली बाई सर्वांच्या आधी उठते, दिवसभर राबते, इफ्तारचे दस्तरखान मांडते आणि तरावीहनंतर घर निजल्यावर पाठ टेकते. वाळूजच्या कंपनीत रोजा धरून पाळी करणारा तरुणही असाच थकतो. ताप आला तर सांगता येते. मनच थकले तर काय सांगावे, हे सुचत नाही. त्यातून रमजानचा महिना. ‘इमान कच्चे’ असे कुणी म्हणेल, ही धास्ती वेगळीच.

मराठीतली ‘रजा’ अरबीतून आली. तिथे तिचा अर्थ राजीखुशी, संमती. मराठवाड्यात निजामाचा कारभार १९४८ पर्यंत उर्दूत चालला. उर्दूत रजेला ‘रुखसत’ म्हणतात आणि इस्लामी शास्त्रात हाच शब्द सवलतीसाठी वापरतात. कुरआनच्या दुसऱ्या सुरेत रोजे फर्ज ठरवले आहेत, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलतही दिली आहे. सुटलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. म्हणजे सवलत ही धर्मातली पळवाट नाही, तो धर्माचाच भाग आहे.

मनाचा आजारही आजारच. मनोविकाराच्या गोळ्या चालू असतील तर रोजासाठी त्या परस्पर बंद करू नयेत. लिथियमसारखे औषध घेताना शरीरातले पाणी कमी झाले, तर त्याचे रक्तातले प्रमाण धोकादायक वाढू शकते. म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे, मग आलिमांना.

आणि जो आजारी नाही, नुसता दमला आहे, त्याचे काय? त्याच्यासाठी एकांताची परंपरा आहे. पैगंबरसाहेब हिरा गुहेत जाऊन बसत. तुकोबा भंडारा डोंगर गाठत. विसाव्या रोजाला सूर्य मावळण्यापूर्वी मशिदीत एतेकाफला बसणारा माणूस ईदचा चंद्र दिसेपर्यंत दुकान, हिशेब, भांडणे बाहेर ठेवतो. दहा दिवस जमत नसतील तर नफील एतेकाफ थोड्या वेळाचाही करता येतो. बायकांना तो घरातच, नमाजच्या जागी करता येतो. प्रश्न एवढाच, की त्या वेळी चुलीपाशी कोण उभे राहणार?

विश्रांती मागण्यात लाज नाही, हे महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. घरातल्या बाईचा रविवार मात्र अजून यायचा आहे.

यंदा एखाद्या दिवशी भजी मुलांनी तळावीत, फळे नवऱ्याने चिरावीत. तिने दुपारी झोपावे, वाटल्यास पाणचक्कीच्या वडाखाली मैत्रिणीसोबत तासभर बसावे. त्या दिवशी तिला ‘काय झाले?’ असे विचारू नये. काही झाल्याशिवायही माणूस थकतो.

पण झोप उडाली, रडू आवरेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर एका दिवसाची रजा पुरत नाही. अशा वेळी घाटी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठावा, किंवा ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तिथे दिवसरात्र मराठीतही बोलता येते. सहरीच्या वेळीसुद्धा.