अज्ञातवास नव्हे, वर्षावास

नाशिकच्या पांडवलेण्यावर चढून आलेले बाबा लोक दम खात पोरांना हमखास सांगतात, ‘इथले साधू जगाला विटून डोंगरात येऊन बसायचे. कंदमुळं खायचे, कुणाचं तोंड बघायचे नाहीत.’ किती वेळा ऐकायचं!

अहो, बौद्ध भिक्षूला कंदमूळ खणायचीच मुभा नव्हती. विनयपिटकानुसार, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथानुसार, जमीन खणायची नाही, झाडपाला तोडायचा नाही, आणि पाणी व दातवण सोडलं तर कुणी हातात दिल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही. म्हणजे जेवायचं तर गाव गाठणं आलंच. सगळ्या भिक्षूंनी जन्मभर अरण्यातच राहावं, ही देवदत्त या भिक्षूची मागणी बुद्धाने फेटाळली, तेही विनयातच आहे.

आणि जगाला विटलेल्यांचा पैशाशी संबंध नव्हता म्हणता? दहाव्या लेण्यातला शिलालेख बघा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणं संघाला दिलं आणि ३००० कार्षापण गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) कायमचे ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं. २००० वर महिना शेकडा एक, म्हणजे वर्षाचे २४०. वर्षावासाला, म्हणजे पावसाळी मुक्कामाला, भिक्षू २०, प्रत्येकाच्या चीवराला (वस्त्राला) १२. करा गुणाकार, हिशेब चोख बसतो! उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला, फलकावर नोंदवला. डोंगरावरचं चीवर असं खालच्या मागांच्या कमाईतून येत होतं.

बाकीचे गैरसमज झटपट :

‘पांडवांनी एका रात्रीत खोदली.’ कोणी कोणाला काय दान दिलं, ते भिंतीवर ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे.

‘नैसर्गिक गुहा आहेत.’ मग खडकावरचे छिन्नीचे घाव आणि चौकोनी खोल्या कुणाच्या?

‘भिक्षू एकाच खोलीत जन्म काढायचे.’ मूळ नियम एका जागी मुक्कामाचा, तोही पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचा. एरवी चारिका, म्हणजे गावोगाव फिरणं.

‘लेणी आडरानात असत.’ कार्ल्याचं बौद्ध लेणं बोरघाटाच्या जुन्या व्यापारी वाटेवर आहे. तिथले खांब दान देणाऱ्यांत धेनुकाकटाचे यवनही आहेत.

एकांत होता, नाही कशाला म्हणू? कोठडीत दगडी ओटा आणि एक माणूस. पण सकाळ झाली की तोही पात्र घेऊन डोंगर उतरायचा.