बॉल हातात घेण्याआधी १० मिनिटं!

रविवारची सकाळ. बाईकवरून उतरायचं, जॅकेट काढायचं आणि थेट रनअप घ्यायचा. शिर्डीतल्या आपल्या टेनिस बॉल क्रिकेटची हीच तऱ्हा. सोमवारी कॉलेजचा जिना चढताना मांडी बोलायला लागते. ओळखीचं वाटतंय ना?

आपल्या शेजारच्या श्रीरामपूरचा झहीर खान आठवा. २०११च्या वर्ल्ड कपमध्ये त्याने २१ विकेट्स घेतल्या. त्याच जुलैत लॉर्ड्स टेस्टच्या पहिल्याच दिवशी त्याची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, दुखावला. चौदावी ओव्हर अर्धीच राहिली. नंतरच्या टेस्ट तो खेळू शकला नाही. सिरीज आपण ४-० हरलो. टीमसोबत फिजिओ असताना ही गत, मग आपलं काय?

सोपं आहे. आधी ५ मिनिटं हलकं धावा. मग पाय पुढे-मागे झुलवा, कंबर दोन्ही बाजूंना वळवा, खांदे फिरवा. पहिले काही बॉल निम्म्या स्पीडने टाका. ताणून धरायचे स्ट्रेच मॅच संपल्यावर, प्रत्येकी २०-३० सेकंद.

आठवड्यातून दोनदा एक व्यायाम कराच: गुडघ्यांवर बसा, मित्राला घोटे घट्ट धरायला सांगा आणि पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुका. सुरुवातीला पाच वेळा पुरे.

आणि हो, परीक्षेनंतर महिनाभराने मैदानात उतरताय? पहिल्याच दिवशी सलग दहा ओव्हर्स टाकू नका. मांडीत अचानक कळ आली, तर कॅप्टन काहीही म्हणो, बॉल दुसऱ्याकडे द्या.