जंबुकातील निळा ग्रह

जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाच्या अगदी जवळ, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा पण द्विनेत्रीतून सापडणारा एक नारिंगी तारा आहे. सुमारे 64 प्रकाशवर्षे दूर असलेल्या या ‘एचडी 189733’ ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह 2005 मध्ये फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून शोधला गेला. गुरूहून किंचित मोठा असलेला हा वायुग्रह ताऱ्यापासून अवघ्या 46 लाख किलोमीटरांवर, म्हणजे बुध-सूर्य अंतराच्या बाराव्या हिश्श्याहूनही जवळ असल्याने त्याचे वर्ष 2.2 दिवसांतच संपते.

इतक्या जवळून जाणवणाऱ्या गुरुत्वीय ओढीमुळे ग्रहाचे परिवलन मंदावून परिभ्रमणाशी जुळते आणि त्याच्या एका बाजूला कायमचा दिवस, तर दुसऱ्या बाजूला कायमची रात्र राहते. अशा स्थितीत रात्रीची बाजू पुष्कळच थंड असावी असे वाटेल. परंतु स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून 2007 मध्ये तयार झालेल्या नकाशात दिवसाच्या बाजूला सुमारे 940, तर रात्रीच्या बाजूला सुमारे 700 अंश सेल्सिअस तापमान आढळले, शिवाय सर्वांत तप्त भाग ताऱ्याच्या अगदी समोर नसून पूर्वेकडे सरकलेला दिसला. उष्णता वाहून नेणारे प्रचंड वारे तिथे असले पाहिजेत, हा त्याचा सरळ अर्थ होता. ग्रह ताऱ्यासमोरून जात असताना, म्हणजे अधिक्रमणाच्या वेळी, त्याच्या वातावरणाच्या दोन कडांतून गाळून येणाऱ्या ताराप्रकाशातील सोडियमच्या शोषणरेषा 2015 मध्ये वेगवेगळ्या तपासण्यात आल्या. वायू निरीक्षकाकडे येत असेल तर या रेषा वर्णपटाच्या निळ्या टोकाकडे आणि दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे सरकतात, आणि या सरकण्यावरून वाऱ्याचा वेग ताशी सुमारे 8,700 किलोमीटर निघाला.

ग्रहाचा रंग ठरवण्याची रीत तर याहूनही सुंदर आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत हबल दुर्बिणीने ग्रह ताऱ्याआड जाण्यापूर्वीचा, आड असतानाचा आणि नंतरचा प्रकाश मोजला, तेव्हा ग्रह आड असताना, म्हणजे पिधानाच्या काळात, केवळ निळा प्रकाश किंचित घटल्याचे दिसले. अर्थात, तेवढा निळा प्रकाश ग्रहाकडून परावर्तित होत होता. हा निळेपणा समुद्राचा नव्हे, कारण तिथे पाणी द्रवरूपात टिकणेच अशक्य आहे. वातावरणातील धुक्यात सिलिकेटचे, म्हणजे वाळू व काच ज्या संयुगांपासून बनतात त्यांचे, सूक्ष्म कण असावेत आणि ते निळा प्रकाश अधिक विखुरत असावेत, असा त्याचा खुलासा केला जातो.

या ग्रहावर काचेचा पाऊस आडवा कोसळतो, हे वृत्तपत्रांचे आवडते वाक्य याच खुलाशातून आले आहे. येथे वाचकाने थोडे सावध असावे: वेग, तापमान आणि रंग ही मोजमापे आहेत, काचेचा पाऊस मात्र त्यांवर बेतलेले अनुमान आहे, आणि सोबत छापली जाणारी निळी चित्रे तर चित्रकारांनी काढलेली असतात. मोजमापांवरून काढलेले निष्कर्षही कधी कधी मागे घ्यावे लागतात. जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून 2024 मध्ये या वातावरणात हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी असलेला वायू सापडला. 2008 मध्ये जाहीर झालेला मिथेन मात्र तिथे लक्षणीय प्रमाणात नसल्याचे त्याच निरीक्षणांनी दाखवले.