‘टेन टू ट्वेल्व्ह’ म्हणजे नेमके किती वाजता?

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या पुतणीचा नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण झाला होता आणि कल्याणच्या एका रुग्णालयातून तिला मुलाखतीसाठी फोन आला. पलीकडच्या बाई इंग्रजीत बोलत होत्या. पुतणीने ‘यस मॅडम, यस मॅडम’ म्हणत सगळे ऐकून घेतले, फोन ठेवला आणि आनंदाने सांगितले, “उद्या दहा ते बारा या वेळेत बोलावलंय.”

दुसऱ्या दिवशी तिने टोकावड्याहून एसटी पकडली. मुरबाडला गाडी बदलली, पुढे कल्याणच्या गर्दीत अडकली, तरी बाराला पाच मिनिटे कमी असताना ती दारात उभी होती. आत नावे लिहून घेणे बंद झाले होते. फोनवर सांगितले होते, “प्लीज रिपोर्ट बाय टेन टू ट्वेल्व्ह.” म्हणजे दहा ते बारा नव्हे, तर बाराला दहा कमी असताना, अकरा पन्नासपर्यंत हजर राहा. लेखी परीक्षा बाराला सुरू होणार होती. पाच मिनिटांनी संधी हुकली.

चूक समोरच्यांची नव्हती. आमच्या मुलीचीही म्हणावी तर तिला इंग्रजीत कधी साठाच्या खाली गुण नव्हते. ‘टेन टू ट्वेल्व्ह’ हे शब्द तिने अचूक ऐकले होते. निसटला तो त्यांच्या आधीचा छोटासा ‘बाय’. त्या रात्री ती जेवली नाही. आम्ही मात्र विचारात पडलो: बारा-तेरा वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलीला घड्याळाची वेळ का कळू नये?

डोळ्यांचे इंग्रजी, कानांचे इंग्रजी

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. आमच्या मुलांनी धडे वाचले, प्रश्नोत्तरे लिहिली, व्याकरण घोकले. पण सगळे डोळ्यांनी. कागदावर दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, बोलण्यात ती नसते. ‘हाफ ॲन आवर’ हे तीन शब्द बोलणाऱ्याच्या तोंडून ‘हाफनावर’ असे एकच होऊन येतात. ‘ॲट एट’ ऐकताना ‘अटेट’ वाटते. ‘बाय’, ‘टू’, ‘फॉर’, ‘सिन्स’ हे छोटे शब्द तर इतके हलके उच्चारतात की सवय नसलेल्या कानाला ते जाणवतही नाहीत. आणि वेळेचा सगळा अर्थ नेमका याच छोट्या शब्दांवर उभा असतो.

आकड्यांचेही तसेच. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’. पहिल्यात शेवटचा ‘टीन’ लांबतो, दुसऱ्यात शेवट आखूड पडतो. तेरा तारीख आणि तीस तारीख यांत सतरा दिवसांचा फरक आहे, पण कानाला तो क्षणभराचा असतो.

खरे तर ‘आधी कान, मग जीभ, मग अक्षर’ हा क्रम आपल्या घरांना नवा नाही. मकतबमध्ये उस्ताद पढतात, मूल ऐकते, मागोमाग पढते, चुकले की उस्ताद तिथेच थांबवतात. एखादा हर्फ कुठे लांबवायचा आणि कुठे नाही, हे मुलाला आधी कानाने कळते. त्याच मुलाला आपण इंग्रजी मात्र फक्त वहीतून शिकवतो.

पुण्याच्या ‘सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस’ या संस्थेने हे ओळखून मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ ही रेडिओ पाठमाला तयार केली. तिच्यात मराठीचा आधार घेत इंग्रजी ऐकवले जाते आणि ऐकणाऱ्या मुलांनी लगेच बोलून उत्तर द्यायचे असते. शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी बेताचे असले तरी वर्गात चांगले इंग्रजी ऐकू यावे, हा त्यामागचा विचार. घरालाही तो लागू पडतो. आईवडिलांना इंग्रजी येत नसले तरी घरात चांगले इंग्रजी ऐकू येऊ शकते.

त्यांची वेळ, आपली वेळ

पुतणीसोबत बसलो तेव्हा लक्षात आले की अर्धी अडचण इंग्रजीची नाही, हिशेबाची आहे. प्रत्येक भाषा वेळ आपल्या पद्धतीने मोजते.

आपण ‘पावणेबारा’ म्हणतो, ते म्हणतात ‘क्वार्टर टू ट्वेल्व्ह’. विचार एकच, बाराला पाव तास कमी. ‘सव्वाबारा’ म्हणजे ‘क्वार्टर पास्ट ट्वेल्व्ह’. एवढे जुळले की ‘टेन टू ट्वेल्व्ह’ही सोपे होते. ‘टू’ म्हणजे अजून कमी, ‘पास्ट’ म्हणजे होऊन गेले. पण आधी ‘फ्रॉम’ असेल, ‘फ्रॉम टेन टू ट्वेल्व्ह’, तर मात्र खरोखरच दहा ते बारा. म्हणून आकड्याआधीचा शब्द पकडायचा.

मराठीत ‘परवा’ हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. उर्दूतला ‘कल’ तसाच, गेलेलाही आणि येणाराही. आपण वाक्याच्या शेवटावरून अर्थ लावतो. इंग्रजीत दोन्ही दिशांना वेगळे शब्द आहेत, त्यामुळे तिथे शेवटपर्यंत थांबावे लागत नाही. पण सवयीने आपली मुले थांबतात आणि तोवर पुढचे वाक्य निघून जाते.

आपल्या घरांत आणखी एक हिशेब असतो. आपला दिवस मगरिबला बदलतो. गुरुवारची मगरिब झाली की आपल्यासाठी जुम्याची रात्र सुरू होते, इंग्रजी बातमीत मात्र ती ‘थर्सडे नाइट’च असते. रमजान अमुक तारखेला सुरू होणार अशी बातमी असेल तर ती पहिल्या रोजाची तारीख असते. तरावीह आदल्या रात्री असते. रेल्वे आणि विमानाचा दिवस मध्यरात्री बदलतो. तिकिटावर १५ तारीख आणि ००:२० अशी वेळ असेल, तर १४ तारखेच्या रात्री जेवून घराबाहेर पडायला हवे. उमराहला निघणाऱ्या एखाद्या बुजुर्गांचे तिकीट घरातल्या शिकलेल्या मुलाने असे एकदा वाचून दाखवले, तर तोही धडाच आहे.

बातम्यांत पुन्हा पुन्हा येणारे काही शब्द आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले:

‘बाय मंडे’ – सोमवारपर्यंत कधीही, पण सोमवार ओलांडायचा नाही. काम पुरे होण्याची मुदत.

‘अंटिल मंडे’ – सोमवारपर्यंत सतत. रस्ता ‘अंटिल मंडे’ बंद असेल, तर तोवर तो बंदच.

‘इन टू डेज’ – दोन दिवसांनी. ‘विदिन टू डेज’ – दोन दिवसांच्या आत.

‘सिन्स मंडे’ – सोमवारपासून. पुढे सुरुवातीची वेळ येते. ‘फॉर थ्री डेज’ – तीन दिवस. पुढे कालावधी येतो.

‘ओव्हरनाइट’ – रात्रीतून. ‘अर्लियर टुडे’ – आजच, थोड्या वेळापूर्वी. ‘फोर्टनाइट’ – पंधरवडा.

बातमीच का?

गाणी, सिनेमा, यूट्यूबवरचे वर्ग असे सगळे आम्ही करून पाहिले. टिकली ती बातमी, कारण बातमीत ‘कधी’ हा प्रश्न चुकत नाही. काही घडले की ते आज की काल, किती वाजता, किती दिवसांपासून, पुढे केव्हापर्यंत, हे सांगितले जातेच. शिवाय तीच बातमी मराठीतही मिळते, म्हणून उत्तर घरच्या घरी तपासता येते.

शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम सोप्या केलेल्या इंग्रजी बातम्याही जुन्या आहेत. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने १९५९ साली ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केले. सुमारे १५०० शब्दांचा साठा, छोटी वाक्ये आणि नेहमीच्या दोन तृतीयांश वेगाने वाचन, असा त्याचा साचा होता. बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम आज मोबाइलवर फुकट ऐकता येतो आणि त्याचा लेखी मजकूरही मिळतो. आपल्या आकाशवाणीचे इंग्रजी बातमीपत्र रात्री ९ वाजता असते. त्यातले उच्चार आपल्या कानाला जवळचे आणि नावे ओळखीची असतात, म्हणून सुरुवात तिथूनच करावी असे आम्हाला वाटते. बीबीसी ऐकताना ‘जीएमटी’ म्हटले की त्यात साडेपाच तास मिळवायचे. १३:०० जीएमटी म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा.

आमच्या घरची पंधरा मिनिटे

आम्ही ठरवले ते फार साधे होते. रोज पंधरा मिनिटे, त्यापेक्षा जास्त नाही. संध्याकाळी मराठी बातम्या सगळे ऐकतात. रात्री ९ च्या इंग्रजी बातम्यांतली फक्त सुरुवातीची दोन-तीन मिनिटे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवायची आणि मग ती तीनदा ऐकायची.

पहिल्यांदा हातात पेन नाही. फक्त ऐकायचे आणि सांगायचे, बातमी कुणाची आणि कुठली. निम्मे कळले तरी पुरे.

दुसऱ्यांदा फक्त वेळ पकडायची. वहीत आडवी रेघ मारायची, मधोमध ‘आज’ लिहायचे, डावीकडे झालेले, उजवीकडे होणारे. कानावर पडलेला प्रत्येक वेळेचा शब्द त्या रेघेवर आपल्या जागी मांडायचा. ‘लास्ट नाइट’ डावीकडे, ‘लेटर धिस वीक’ उजवीकडे. बाकीचे शब्द सुटले तर सुटू द्यायचे.

तिसऱ्यांदा एकेक वाक्य थांबवून मोठ्याने म्हणायचे, बातमी देणाऱ्याच्याच चालीत. जीभ ‘हाफनावर’ म्हणू लागली की कानही ते ओळखू लागतो.

परीक्षक कोण? आमच्या भाभी. त्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकल्या. इंग्रजी येत नाही, पण पोळ्या लाटता लाटता त्या विचारतात, “कधी झालं? किती वाजता? कधीपर्यंत?” मराठी बातमी त्यांनी ऐकलेली असते, त्यामुळे उत्तर चुकले की लगेच पकडतात. वेळेचे हेच सोयीचे आहे. मुलाचे इंग्रजी बरोबर की चूक हे सांगायला इंग्रजी यावे लागते, पण ‘सोमवारपासून’ की ‘सोमवारपर्यंत’ हे कोणतीही आई विचारू शकते.

पावसाळ्यात वीज जाते, नेटवर्क जाते. तेव्हा आम्हीच बातमी बनवतो आणि एकाने ती वाचायची. आमच्या भागात माळशेज घाटात दरड कोसळणे ही ओळखीची गोष्ट, म्हणून एकदा अशी बनवली: “ट्रॅफिक थ्रू माळशेज घाट हॅज बीन क्लोज्ड सिन्स फाइव्ह दिस मॉर्निंग. वन लेन विल ओपन बाय क्वार्टर टू सिक्स. हेवी व्हेइकल्स मस्ट वेट अंटिल टुमारो.” मग प्रश्न: घाट केव्हापासून बंद? एक बाजू जास्तीत जास्त किती वाजेपर्यंत सुरू होईल? कांद्याचा ट्रक आज जाईल का? आमच्या नववीतल्या धाकट्याने शेवटच्या प्रश्नाला “जाईल” म्हटले आणि सगळे हसले. ‘अंटिल’ त्याच्या कायमचा लक्षात राहिला.

तीन गोष्टी टाळा

एक, पहिल्याच वेळी पडद्यावरची अक्षरे वाचत ऐकू नका. डोळे पुढे धावतात, कान झोपतो. मजकूर पाहायचा तो शेवटी, ताळा करायला.

दोन, मुलाला हसू नका. एका घरात चूक झाली की मूल पुन्हा तोंड उघडत नाही, असे आम्ही पाहिले आहे.

तीन, न कळता ‘यस’ म्हणण्याची सवय मोडा. पुन्हा विचारणे हा अपमान नाही. “सॉरी, डू यू मीन इलेव्हन फिफ्टी?” एवढे एक वाक्य पुतणीला आधी येत असते, तर त्या दिवशी ती परत आली नसती. आम्ही हे वाक्य घरातल्या सगळ्या मुलांकडून पाठ करून घेतले आहे.

परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी तर हे मनावर घ्यावे. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करताना इंग्रजी येत असल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि त्यासाठी आयईएलटीएस किंवा ओईटी या परीक्षा चालतात. आयईएलटीएसच्या ऐकण्याच्या भागात सुमारे ३० मिनिटांत ४० प्रश्न असतात आणि ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. सुरुवातीच्या संभाषणात तारखा, वेळा, आकडे अशाच साध्या गोष्टी विचारतात. एकदाच ऐकून वेळ टिपणारा कान एका महिन्याच्या शिकवणीने तयार होत नाही. रोजच्या पंधरा मिनिटांनी होतो.

चारेक महिन्यांनी पुतणीला दुसऱ्या ठिकाणाहून फोन आला. आम्ही सगळे गप्प. ती ऐकत होती, मग म्हणाली, “सॉरी मॅडम, क्वार्टर पास्ट नाइन... नाइन फिफ्टीन?” पलीकडून होकार आला असावा. स्वयंपाकघरातून भाभी म्हणाल्या, “सव्वानऊ!”

त्या दिवशी ती फज्र पढून पहिल्या एसटीने निघाली आणि नऊच्या आधी पोहोचली. पुढचे तिच्या तयारीवर आणि अल्लाहच्या मर्जीवर. पण या वेळी ती दाराबाहेर राहिली नाही.