फेसनिरोधकाची निवड

गुऱ्हाळात उसाचा रस उकळू लागला, म्हणजे काहिलीत फेस चढतो. तो उतू जाऊ नये म्हणून गुळव्या रसात थोडेसे शेंगदाण्याचे किंवा एरंडीचे तेल सोडतो आणि फेस पाहता पाहता खाली बसतो. हीच अडचण औषधे, कागद, मद्यार्क व रंग यांच्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर उपस्थित होते. परंतु तेथे कोणतेही तेल घालून भागत नाही. फेस मोडणारी द्रव्ये पुष्कळ आहेत. फेस मोडूनही पुढील प्रक्रियेस बाध न आणणारे द्रव्य मात्र प्रत्येक ठिकाणी निराळे असते. ते कसे निवडावयाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फेस का टिकतो?

शुद्ध पाण्यात हवा फुंकली असता बुडबुडे येतात व लगेच फुटतात. पाण्यात साबण किंवा प्रथिने असली, तर त्यांचे रेणू बुडबुड्यांमधील पातळ पटलाच्या दोन्ही पृष्ठांवर गोळा होतात. पटल एखाद्या ठिकाणी ताणले गेले की तेथे हे रेणू विरळ होतात, पृष्ठताण वाढतो आणि आजूबाजूचा द्रव त्या जागेकडे ओढला जातो. मारांगोनी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम म्हणजे पटलाची आपोआप होणारी दुरुस्तीच होय. ही दुरुस्ती निष्फळ करणे, हे फेसनिरोधकाचे कार्य आहे.

फेसनिरोधकाचे आवश्यक गुण

पहिला गुण अविद्राव्यता. जे द्रव्य द्रवात पूर्ण विरघळते, ते फेस मोडण्याऐवजी कित्येकदा वाढविते. पॉलिप्रोपिलीन ग्लायकॉलच्या वर्गातील काही द्रव्ये थंड पाण्यात विरघळतात आणि विशिष्ट तापमानावर पाणी गढूळ करून वेगळी होतात. अशी द्रव्ये त्या तापमानाच्या वरच उपयोगी पडतात. म्हणून प्रक्रियेचे तापमान ठाऊक असल्यावाचून त्यांची निवड करता येत नाही.

दुसरा गुण अल्प पृष्ठताण. 25° सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण दर सेंटिमीटरला 72 डाइन असतो. वनस्पतिज तेलांचा सुमारे 33, तर सिलिकोन तेलाचा सुमारे 21. त्यामुळे सिलिकोनचा थेंब पटलाच्या पृष्ठात सहज शिरतो. तो दोन्ही पृष्ठांना एकाच वेळी भिडला म्हणजे पटलात तेलाचा पूल तयार होतो. हा पूल ताणला जाऊन तुटतो आणि त्याबरोबर पटलही फाटते.

तिसरी गोष्ट घन कणांची. थेंब व हवा यांच्यामध्ये पाण्याचा एक अतिसूक्ष्म थर आडवा येतो. तेलात जलद्वेषी सिलिकाचे बारीक कण मिसळले असता ते हा थर भेदतात. म्हणूनच नुसत्या तेलापेक्षा असे मिश्रण फार प्रभावी ठरते. परंतु सतत घुसळण्याने तेल व कण यांची वाटणी बिघडते: काही थेंबांत कण उरत नाहीत, तर काहींत ते दाटतात. फेसनिरोधकाची शक्ती कालांतराने क्षीण होते, ती या कारणाने.

उद्योगपरत्वे निवड

पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात 1955 मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. अशा किण्वनात निर्जंतुक हवा सतत फुंकावी लागते आणि द्रवातील प्रथिनांमुळे विपुल फेस येतो. तो हवा बाहेर सोडणाऱ्या गाळणीपर्यंत पोहोचला, तर गाळणी भिजून परक्या जंतूंना वाट मिळते व संपूर्ण घाणा वाया जाण्याचा संभव असतो. उलट, फेसनिरोधक अधिक पडला तर लहान बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, हवा व द्रव यांचे स्पर्शक्षेत्र घटते आणि बुरशीस प्राणवायू अपुरा पडतो. हवेने संपृक्त झालेल्या पाण्यातही 25° सेल्सिअसला दर लिटरमध्ये सुमारे 8 मिलिग्रॅमच प्राणवायू असतो. तेव्हा ही घट लवकर जाणवते. वनस्पतिज तेल बुरशी खाऊन टाकते, म्हणून ते पुनःपुन्हा घालावे लागते. मात्र ते तिचे अन्नही होते. सिलिकोन अल्प प्रमाणात पुरते व खाल्ले जात नाही, पण पुढे सूक्ष्म पटलांतून गाळताना ते छिद्रे बुजविते.

रंगाच्या कारखान्यात सिलिकोन चुकीचे निवडले गेले, तर रंग लावलेल्या पृष्ठावर खळगे पडतात. तेथे खनिज तेलावर आधारलेली द्रव्ये पुष्कळदा पसंत केली जातात. अन्नपदार्थांत तर फेसनिरोधक अखेर खाणाऱ्याच्या पोटात जातो. म्हणून तळणाच्या तेलातील सिलिकोनची मर्यादा आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने दर किलोग्रॅमला 10 मिलिग्रॅम ठरविली आहे.

कागदाच्या उद्योगातील उदाहरण अधिक गंभीर आहे. लगदा धुताना वापरल्या जाणाऱ्या काही खनिज तेलांत डायॉक्सिनची पूर्वद्रव्ये असतात आणि पुढे क्लोरीनने विरंजन करताना त्यांपासून अत्यंत विषारी डायॉक्सिने बनतात, असे 1980 च्या दशकाच्या अखेरीस आढळून आले. त्यानंतर गिरण्यांना शुद्ध केलेल्या तेलांकडे वळावे लागले. फेस मोडण्याच्या कामी त्या तेलांत काहीही उणे नव्हते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

परीक्षणाची रीत

निवडीसाठी साबणाचे पाणी न घेता कारखान्यातील प्रत्यक्ष द्रव घ्यावा. अंशांकित काचनळीत तो प्रक्रियेच्याच तापमानावर ठेवून सच्छिद्र काचेतून हवा सोडावी आणि फेसाची उंची मोजावी. नंतर द्रव्याची अल्प मात्रा घालून दोन गोष्टी नोंदवाव्या: फेस किती लवकर बसला आणि पुन्हा चढावयास किती वेळ लागला. पहिलीत उत्तम ठरणारे द्रव्य दुसरीत पुष्कळदा मागे पडते. मात्रा थोड्याथोड्याने वाढवून पुरेशी ठरणारी किमान मात्रा शोधावी. याउपर ते द्रव्य गाळणीत, विरंजनात, तयार मालात व सांडपाण्यात कोठे जाते आणि तेथे काय करते, याचा माग घ्यावा. या अखेरच्या परीक्षेत जे उतरेल, त्याचीच निवड करावी. मग फेस मोडण्यात ते दुसऱ्या क्रमांकाचे असले तरी चालेल.