हळदीचा सौदा : भावाबरोबर आणखी काय लिहावे?

करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. कुंकवाचा कच्चा माल म्हणजे हळद. कुंकवाच्या कारखानदाराला किंवा व्यापाऱ्याला हळद देताना पुष्कळदा फक्त भाव ठरतो आणि सौदा झाला असे आपण समजतो. कुरबुर सुरू होते ती माल उतरल्यावर, ओलावा, तारीख आणि उधारी यांवरून.

ओलाव्याचेच पाहा. अखंड हळकुंडात जास्तीत जास्त १२ टक्के ओलावा असावा, असे खाद्यपदार्थांचे मानक आहे. आपल्या मालात तो १६ टक्के असेल, तर क्विंटलमागे ८४ किलोच कोरडा माल असतो. तोच माल १२ टक्क्यांवर आला की वजन साधारण साडेपंचाण्णव किलो भरते. हे साडेचार किलो पाणी कोणाच्या खात्यावर? म्हणून ओलावा किती टक्के धरायचा, कोणाच्या यंत्रावर मोजायचा आणि जास्त निघाल्यास कडता किती, हे आधीच लिहावे. एकदा पोती रिकामी झाली की ओलावा शेतावरचा की गोदामातला, हे कोणालाच सांगता येत नाही.

नमुना दाखवून सौदा केला असेल, तर मालविक्री कायदा, १९३० नुसार सर्व माल त्या नमुन्याबरहुकूम असावा लागतो. यासाठी नमुन्याच्या दोन पिशव्या सीलबंद करून दोघांनी सह्या कराव्यात व एकेक जवळ ठेवावी. घेणाऱ्याला माल तपासण्याचा हक्क आहे. पण वाजवी मुदतीत नापसंती न कळवता त्याने माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे धरले जाते. ही मुदत दिवसांत लिहावी. आमच्या मते तीन दिवस पुरेत.

माल एकदम न देता खेपा ठरवाव्यात व प्रत्येक खेपेची काटापावती जपावी. व्यवहार रोखीचा असल्यास पैसे मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा विक्रेत्याला हक्क असतो, परंतु माल घेणाऱ्याच्या ताब्यात गेला की तो संपतो. पहिल्या खेपेचे पैसे आल्याशिवाय दुसरी गाडी भरू नये. पाहुण्यारावळ्यांतल्या व्यवहारातही हे सांगायला संकोच करू नये.

शब्द आपणही पाळावा लागतो. बाजार चढला म्हणून ठरलेला माल दुसऱ्याला घातला, तर कारखानदार भरपाई मागू शकतो. करार मोडल्यास द्यावयाची रक्कम कागदात लिहिता येते. मात्र भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते. त्यामुळे भीती घालण्यासाठी मोठा आकडा टाकून उपयोग नाही.

पावसाने वाळवण लांबले, तर वाढीव तारीख मोबाईलवर नुसती बोलून न थांबता लेखी संदेशाने कळवावी आणि समोरच्याचा होकारही लेखी घ्यावा. तोंडी करारही कायद्याने चालतो; अडचण येते ती तो शाबीत करताना. उधारीच्या वसुलीसाठी दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. यासाठी पैसे देण्याची तारीख कागदावर स्पष्ट असावी.