पात्यावर नाव नाही

धाराशिव जिल्ह्यात, परंडा तालुक्यातलं सोनारी हे काळभैरवनाथाचं गाव. चैत्रात इथे यात्रा भरते. कुठल्या कुठल्या गावांहून लोक कुळाचाराला येतात, देवळाच्या आवारातली माकडं त्यांच्या हातातल्या खोबऱ्यावर डोळा ठेवून असतात. अशा कुठल्याही यात्रेत पेढे-बत्ताशांची, बांगड्यांची दुकानं संपली की लोखंडी सामानाची पालं लागतात. खुरपी, विळे, सांडशा, झारे, उलथनी एका गोणपाटावर मांडलेली असतात. गिऱ्हाईक विळा उचलतं, पात्यावरून आडवा अंगठा फिरवतं, मुठीत धरून हवेत एक हात मारून बघतं. मग प्रश्न येतो, ‘धार टिकंल का?’ पालवाला म्हणतो, ‘टिकंल की, न्या बिनघोर.’ घासाघीस होते, विळा पिशवीत जातो. हा कुणी घडवला, असं कुणी विचारत नाही. याच गोणपाटाच्या कडेला कधीकधी दोनचार साधे लोखंडी अडकित्ते पडलेले असतात. हा लेख त्यांच्याबद्दल आहे. पण त्याआधी अमेरिकेत जाऊन यावं लागेल.

पेनसिल्व्हानिया राज्यात ब्रॅडफर्ड नावाचं लहानसं शहर आहे. तिथे ‘केस’ या कंपनीचे खिशातले, घडीचे चाकू बनतात. केस बंधूंनी १८८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यात धंदा सुरू केला, घोडागाडीतून चाकू विकले. पुढे घरातल्याच एका शाखेने १९०५ मध्ये ब्रॅडफर्डला बस्तान बसवलं. हे चाकू काही लढाईसाठी नसतात. शेतकऱ्याने दोरी कापावी, गुराख्याने काठी तासावी, आजोबांनी सफरचंद सोलावं, एवढंच त्यांचं काम. मार्क ट्वेनच्या १८७६ च्या कादंबरीत टॉम सॉयरला बायबलमधली वचनं पाठ केल्याबद्दल साडेबारा सेंटांचा बार्लो चाकू बक्षीस मिळतो आणि पोरगं हरखून जातं. अशा चाकूंचा संग्रह करणारी माणसं अमेरिकेत हजारोंनी आहेत. त्यांचे क्लब आहेत, वार्षिक मेळावे आहेत, टेबलं मांडून खरेदी-विक्री आणि अदलाबदल चालते, भावाची पुस्तकं निघतात. चाकू उघडताना पातं किती सुरळीत येतं आणि पाठीतली कमान शेवटी कसा ‘टक्’ आवाज करते, यावर ही मंडळी तासन्‌तास बोलतात. चाकूचं चालणं आणि बोलणं, असाच शब्दप्रयोग त्यांच्यात रूढ आहे. चाकू भेट मिळाला तर देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवायचं, नाहीतर मैत्री कापली जाते, असंही मानतात. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होतं, असं सांगणाऱ्या आपल्या आजीला हे लगेच पटलं असतं.

या छंदाचा सगळा डोलारा उभा आहे तो पात्याच्या बुडख्यावर, म्हणजे जिथे पातं मुठीत शिरतं तिथल्या नखाएवढ्या जागेवर. तिथे कारखान्याचं नाव ठोकलेलं असतं. १९७० पासून केस कंपनीने नावाखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दर वर्षी एक ठिपका कमी केला. म्हणजे सात ठिपके दिसले की चाकू १९७३ चा. पात्यावरच्या आकड्यांचंही व्याकरण आहे. ६२५४ असं लिहिलेलं असेल तर पहिला सहाचा आकडा म्हणजे मुठीला खाचा पाडलेलं हाड, पुढचा दोन म्हणजे दोन पाती आणि ५४ म्हणजे ‘ट्रॅपर’ हा घाट. त्याहून जुन्या, विलायती मालाचा काळ ठरवायला अमेरिकेचा जकात कायदा कामी येतो. १८९० च्या मॅकिन्ले कायद्याने आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, तेव्हा ते नाव असलं की माल बहुधा त्यानंतरचा. ही नावाची शिस्त मुळात इंग्लंडातल्या शेफील्डची. तिथल्या चाकू घडवणाऱ्यांच्या संघाला १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली आणि प्रत्येक कारागिराची खूण हा संघ नोंदवू लागला. एकाची खूण दुसऱ्याने वापरायची नाही.

आपल्या खिशात असा चाकू फारसा नव्हता. कुलकर्ण्याच्या दप्तरात बोरू तासायला असायचा, तेवढाच. मराठी माणसाच्या कमरेला होती पानसुपारीची चंची आणि चंचीत होता अडकित्ता. जी घडी, जो खिळा, जी धार अमेरिकन शेतकऱ्याने खिशात बाळगली, ती आपण चंचीत बाळगली. नंतर त्यांच्यावर जीव लावण्याची तऱ्हा मात्र वेगळी झाली.

अडकित्ता हातात घेऊन बघण्यासारखी चीज आहे. कात्रीत खिळा मधोमध असतो, इथे तो एका टोकाला. दोन दांडे त्या टोकाला जोडलेले. वरच्या दांड्याला पोटात पातं, खालच्याला सपाट बैठक. सुपारी या दोहोंच्या मध्ये, खिळ्याच्या जवळ, आणि हाताचा जोर दुसऱ्या टोकाला. त्यामुळे साध्या मुठीच्या दाबाचं बळ कित्येक पटींनी वाढून सुपारीवर पडतं. वाळलेली सुपारी दाताला दाद देत नाही, ती अडकित्त्यात मुकाट फुटते. जाणता माणूस ती आधी दोन खांडं करतो, मग एक खांड अंगठ्याने बैठकीवर धरून कडेकडेने कातरत जातो. कागदासारखे पातळ काप पडू लागले की धार चांगली आणि खिळाही नेमका, ना ढिला ना आवळ. खिळा ढिला झाला की पातं बाजूला सरकतं, सुपारी चुरते आणि अंगठ्याचं कातडं मध्ये येतं. जुन्या अडकित्त्यांचं पातं मधोमध झिजून कमानीसारखं आत गेलेलं दिसतं. तिथेच वर्षानुवर्षं सुपारी धरली गेली आणि तिथेच दगडावर घासून धार लावली गेली.

त्याचा मान नुसत्या खाण्यापुरता नव्हता. सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. काही समाजांत हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हाती कट्यारीऐवजी अडकित्ता देतात, त्याच्या टोकाला लिंबू. बंगालातही नवरा सुपारी कातरायची ‘जांती’ हातात धरतो. पारावर बसलेल्या माणसाने चंची सोडून अडकित्ता काढला की समोरच्याने ओळखायचं, आता गोष्ट लांबणार. गुजरातेत जामनगरची ‘सुडी’ तर त्या शहराची ओळख बनली. मलय मुलखापर्यंत हे अवजार वेगवेगळ्या नावांनी पोचलेलं आहे.

अडकित्त्यांचा संग्रह म्हटलं की मराठी माणूस पुण्याच्या बाजीराव रस्त्याकडे बोट दाखवतो. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. पुढची चाळीस वर्षं ते वाडे, बाजार, खेडी धुंडाळत राहिले. बालपणीच गेलेल्या एकुलत्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये सगळं राज्य शासनाच्या हवाली केलं. दिवे, कुलपं, दौती, वज्र्या, फण्या आणि अडकित्ते अशा वीस हजारांवर वस्तू तिथे आहेत. मांडायला जागा थोड्यांनाच मिळाली आहे. अडकित्त्यांच्या कपाटासमोर लोक रेंगाळतात. पितळेचे घोडे, मोर, पोपट, एकमेकांना बिलगलेलं जोडपं. दांडे मिटले की जोडपं जवळ येतं, उघडले की दूर जातं. शाळेच्या सहली या कपाटापाशी जरा भरभर पुढे नेल्या जातात, असं माझं निरीक्षण आहे.

गंमत म्हणजे अमेरिकेतही एका माणसाने अडकित्ते जमवले आणि तो चाकूवाला नव्हता, गणिती होता. सॅम्युएल आयलेनबर्ग हे मूळचे पोलंडचे, नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक. सॉन्डर्स मॅक लेन यांच्याबरोबर त्यांनी गणितातला ‘कॅटेगरी थिअरी’ हा विषय उभा केला. भारत आणि आग्नेय आशियातल्या मूर्ती जमवण्याचं त्यांना वेड होतं. त्यांतल्या चारशेहून अधिक वस्तू त्यांनी मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिल्या. त्यांच्या अडकित्त्यांवर हेन्री ब्राउनरिग यांचं सचित्र पुस्तक निघालं. अहमदाबादेत सुरेंद्र पटेल यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या भांड्यांच्या संग्रहालयातही सुड्यांची मोठी रांग आहे.

या तिन्ही संग्रहांवर माझी श्रद्धा आहे. तरी एक गोष्ट खटकते. या कपाटांत देखणा अडकित्ता आला, सोनारीच्या गोणपाटावरचा आला नाही. आणि जो आला, तोही निनावी आला. पाटीवर लिहिलेलं असतं, ‘अडकित्ता, पितळ, अठरावं-एकोणिसावं शतक’. घोडा कुणी ओतला, पातं कुणी बसवलं, कुठल्या पेठेत विकलं गेलं, काही नाही. अमेरिकन संग्राहकाला पाच सेंटांच्या चाकूचं साल सांगता येतं. आपल्याला सरदाराच्या अडकित्त्याचं शतकही धड सांगता येत नाही.

याचा दोष आळसाला देऊन भागणार नाही. नाव कोरायची गरज कधी पडते? माल अनोळखी गिऱ्हाइकाकडे जातो तेव्हा. शेफील्डचा चाकू समुद्रापार विकला जायचा, घेणारा घडवणाऱ्याला कधीच भेटणार नव्हता. म्हणून पात्यावर नाव. मराठी गावातला लोहार बलुतेदार होता. सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचा, त्याबदल्यात वर्षभर नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा शेवटायचा. पातं बोथट झालं तर त्याच्या भात्यापाशी जाऊन त्याला चार शब्द ऐकवता येत होते. अशा माणसाने आपल्याच शेजाऱ्याच्या अडकित्त्यावर स्वतःचं नाव कशाला ठोकायचं? गाडीत बिऱ्हाड घालून फिरणारे घिसाडीही ठरावीक मोसमात ठरावीक गावांना येत. लोक त्यांना चेहऱ्याने ओळखत. बलुतं मोडलं, लोहार शहरात वेल्डिंगच्या दुकानात गेला, आणि ती ओळख त्याच्याबरोबर गेली. वस्तू मागे राहिली, मुकी.

नाव घालण्याची रीत आपल्या मुलखाला अजिबात ठाऊक नव्हती, असंही नाही. सोनारीहून जवळच परंड्याचा किल्ला आहे. आज विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान ही तोफ एकेकाळी या किल्ल्यावर होती. ती अहमदनगरला १५४९ मध्ये ओतली गेली, वजन सुमारे पंचावन्न टन, आणि तिच्यावर ओतणाऱ्याचं, मुहम्मद रूमीचं, नाव कोरलेलं आहे. तोफ सुलतानाकडे जाणार होती, तिथे नाव हवंच. सुपारी फोडणाऱ्याच्या कमरेला जाणाऱ्या लोखंडाला ते भाग्य नव्हतं.

नाव नसल्यामुळे खोट्याला मात्र रान मोकळं मिळालं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारी किंवा मुंबईच्या चोरबाजारात ‘पेशवाई’ अडकित्ते नेहमी दिसतात. त्यांतले पुष्कळ कालपरवा ओतलेले असतात, रसायन लावून काळवंडवलेले. परीक्षा सोपी आहे. दांडे मिटून उजेडाकडे धरा. झिजून मधे पडलेली कमान सोडली तर पातं बैठकीला टेकलं पाहिजे. शोभेच्या मालात फट राहते, कारण तो सुपारीसाठी घडवलेलाच नसतो. मग खिळा बघा. खऱ्या अडकित्त्यात खिळ्याभोवतीचं पितळ झिजून गुळगुळीत झालेलं असतं, बहुधा खिळा एकदोनदा बदललेलाही असतो. अंगठा टेकायच्या जागी नक्षी पुसट झालेली असते. मोराच्या पिसाऱ्यावर सगळीकडे सारखंच काळं असेल, तर पैसे खिशातच ठेवावेत.

आणि सुपारीचं काय? २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी स्वतःच, तंबाखूशिवायही, माणसात कर्करोग घडवते असं जाहीर केलं. त्याआधीच पुड्यांनी अडकित्त्याला चंचीतून हुसकलं होतं; कातरलेली सुपारी, गुटखा, फाडला की तोंडात. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आणली, पण अडकित्ता काही परत आला नाही. तो परत यावा, असं मी म्हणणारही नाही. ज्या घरात तोंडाच्या कर्करोगाचं आजारपण निघालं आहे, तिथे चंचीच्या आठवणींचे कढ काढणं बरं दिसत नाही. अमेरिकन चाकूवाल्यांची ही सोय आहे. त्यांचा छंद ज्या कामावर उभा आहे, ते काम कुणाच्या जिवावर उठत नाही.

पण वापर गेला म्हणून नोंदही जावी, हे पटत नाही. याच धाराशिव जिल्ह्यात, तेरला, एका माणसाने ते करून दाखवलं आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर, सातवाहनांच्या काळातलं व्यापारी नगर. पावसाने माती धुपली की तिथे मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर येतात. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वेचून, सांभाळून ठेवल्या. आज त्यांच्या नावाने तिथे शासकीय संग्रहालय आहे आणि वस्तूंची संख्या वीस हजारांच्या वर आहे. लामतुऱ्यांच्या संग्रहाचं मोल सुंदर वस्तूंत आहेच, पण त्या सापडण्याची जागा एकच आणि ठाऊक असलेली, यात जास्त आहे.

अडकित्त्यांची जागा आज भंगाराच्या दुकानात आहे. सोनं-चांदी मोडायला काढताना घर दहादा विचार करतं. पितळेचा अडकित्ता नव्या कुकरच्या बदल्यात मोडीत जातो. भंगारवाला वजन करण्याआधी छिन्नीने खिळा उडवतो, कारण पोलादाचं पातं पितळेच्या भावात त्याला परवडत नाही. दांडे एका पोत्यात, पातं दुसऱ्यात. परंडा, भूम, बार्शीच्या भंगारवाल्यांना कुणी एवढंच सांगून ठेवायला हवं की खिळा उडवू नका, मोडीच्या भावावर वीस रुपये जास्त देतो. आणि आणणारी बाई अजून दारात उभी असेल तर तिला विचारून घ्या, कुठलं गाव, कुणाच्या घरातला, आणि धार कोण लावून द्यायचं.